जांभळीच्या माळावरचा विसावा विद्यार्थी

"तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसायचा नाही," मी म्हणालो, "आणि बसला तर मला तुमची काळजी वाटेल. पण मी प्रत्यक्ष परमेश्वराचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलेलं आहे. जन्माचा दाखला न मागता. आणि सरकारनं ते मान्य केलेलं आहे."

बँकेतला पंखा चालू होता, सर्व्हर बंद होता. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. आपण अंगठा लावायचा, यंत्रानं लांबच्या कुणाला तरी विचारायचं, आणि तिकडून होकार आला की आपण आणखी एक वर्ष जिवंत. त्या दिवशी तिकडून कुणी बोलतच नव्हतं. दहा-बारा म्हातारे बाकांवर बसून निकालाची वाट बघत होते. अशा ठिकाणी कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं, आणि या तालुक्यात तसा माणूस मीच आहे.

माझ्या डाव्या हाताला बाबर अण्णा होते, निवृत्त तलाठी. या गृहस्थानं उभ्या नोकरीत पुराव्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही, आणि पुरावा आणला तरी ऐकलं नाही. उजव्या हाताला रंगनाथ. आमच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मी लिपिक होतो तेव्हा हा तिथं शिपाई होता. आता तोही निवृत्त, पण अजून बाकाच्या कडेवर बसतो. घंटी वाजली तर उठायला बरं.

"कुठल्या शाळेत?" बाबर अण्णांनी विचारलं.

"सांगतो. हा रंगनाथ होता तेव्हा. विचारा याला."

रंगनाथ समोरच्या खिडकीकडे बघत राहिला. तो कधीच बोलत नसे, म्हणूनच साक्षीदार म्हणून मला तो फार आवडायचा.

तर गोष्ट आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला त्या उन्हाळ्यातली. आमचे गटशिक्षणाधिकारी मुळीक साहेब नारळ घेऊन उभे राहिले आणि तो यंत्रावरच फोडायचा म्हणून हटून बसले. मी मध्ये हात घातला म्हणून यंत्र वाचलं. करंगळी अजून वाकडी आहे. इथं मी करंगळी सगळ्यांना दाखवली. ती मी लहानपणी विहिरीच्या रहाटात मोडून घेतली, पण बँकेत ते कुणाला ठाऊक?

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. आख्ख्या कचेरीत एसी तेवढ्याच खोलीत, त्यामुळे मे महिन्यात सगळ्या विभागांना एकदम ज्ञानाची ओढ लागली. बांधकाम विभागातले दोघे रोज जेवण झाल्यावर माहिती घ्यायला यायचे आणि चार वाजता जागे व्हायचे. यंत्राला मखमली झाकण होतं. ते झाकण धुवायला टाकलं त्या दिवशी साहेबांनी कॉम्प्युटरला सुट्टी दिली.

शिकवायला कोल्हापूरहून एकजण आला, मंदार उकिडवे. वय चोवीस, गळ्यात टाय, आणि आम्हा पाच लिपिकांना एकूण मिळून एकशे बारा वर्षांचा नोकरीचा अनुभव. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, यातलं कुणाला काय काय येतं. आमच्यातल्या एकानं सांगितलं, मला बंद करता येतो. तो वर्गात हुशार ठरला.

मी मात्र आठवड्यात तयार झालो. टाईपरायटरवर बावीस वर्षं घालवलेली माझी बोटं. मी इतक्या वेगानं बडवायचो की अक्षरं पडद्यावर दुसऱ्या दिवशी उमटायची.

"मग दुसऱ्या दिवशी टाईप केलेली?" बाबर अण्णा म्हणाले.

"ती तिसऱ्या दिवशी. अण्णा, मधे बोलू नका, मी विसरेन आणि खरं सांगायला लागेन."

आता हा वर्ग काढला होता कशासाठी? तर वरून एक पत्र आलं होतं. ज्या वस्तीवरच्या शाळेचा पट वीसच्या आत, ती शाळा बंद करायची आणि मुलं जवळच्या गावातल्या शाळेत बसवायची. तालुक्यात शाळा एकशे त्रेचाळीस. प्रत्येक शाळेचा पट किती, हे कॉम्प्युटरनं मोजलेलं पाहिजे, माणसानं मोजलेलं चालणार नाही. माणसावर वरच्यांचा विश्वास नव्हता. माणसं कशी असतात हे त्यांना आरशामुळे माहीत होतं.

म्हणून उकिडवेनं आम्हाला शिकवायला घेतलं ते हेच: यादीतली नावं मोजणारं फंक्शन. फंक्शन म्हणजे काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, एकदा नीट सांगून ठेवलेलं काम. मग नुसतं नाव घेऊन हाक मारायची, ते काम करून उत्तर आणून देतं. मी म्हटलं, म्हणजे शिपाई. तो म्हणाला, हो, पण हा सांगितलं तेवढंच करतो, कमी नाही आणि जास्त नाही. मी म्हटलं, मग शिपाई नव्हे, साहेब.

त्यानं फळ्यावर चौकोन काढला. हा एक डबा. सुरुवातीला यात शून्य. मग यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि डब्यात एक वाढवायचा. दुसऱ्या ओळीवर बोट, आणखी एक. असं शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. यादी संपली की डब्यात जे असेल ते उत्तर. एवढंच. वाणी हेच करतो, गुराखी हेच करतो, माझी आजी वाळत घातलेले पापड असेच मोजायची. फक्त तिला टाय नव्हता.

मुळीक साहेब मागच्या खुर्चीत बसलेले. त्यांनी हात वर केला.

"सुरुवात शून्यानं का?"

"सर, मोजायला लागायच्या आधी डबा रिकामा असतो."

"ते खरं, पण शून्य अशुभ आहे. कचेरीचं पहिलं काम. सव्वा ठेवा."

उकिडवेनं घाम पुसला, एसीत बसून. त्यानं साहेबांच्या समाधानासाठी डब्यात सव्वा ठेवला आणि तीन नावांची यादी मोजायला दिली: आंबा, फणस, काजू. उत्तर आलं, चार पूर्णांक पाव. साहेब बराच वेळ त्या पाव फळाकडे बघत बसले. मग म्हणाले, ठीक आहे, शून्य ठेवा, पण मोठ्यानं बोलू नका. शून्य ठेवल्यावर उत्तर आलं तीन. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. सरकारी नोकरीत कुठल्या उत्तराला टाळी वाजवायची हे असं ठरतं.

एकशे त्रेचाळीस शाळांच्या याद्या यंत्रात घालायचं काम माझ्याकडे आलं. मुख्याध्यापकांनी एप्रिलअखेरचा पट कागदावर पाठवला होता. एका ओळीवर एक नाव, एका शाळेची एक यादी. मी बारा दिवसांत सगळ्या याद्या पुऱ्या केल्या. माझ्या बोटांना रंगनाथ खोबरेल लावायचा.

रंगनाथनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोरच्या खिडकीकडे बघायला लागला.

याच बारा दिवसांत कोळेकर बाई आल्या. जांभळीच्या माळावर धनगरांची वस्ती आहे; खालच्या गावापासून चार मैल सरळ चढ. वर शाळेची एक खोली आणि ही एक बाई. अकरा वर्षं तिथंच. बदली मागायची असते हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नसावं. माणसं अशी खुळी असतात आणि त्यांच्या खुळेपणावर आमच्यासारख्यांचे आकडे भरतात. ती दुधाच्या जीपमधून उतरून आली, चपला दाराबाहेर काढल्या, आणि एसीत शिरल्यावर थंडी वाजली म्हणून पदर घट्ट ओढून उभी राहिली.

"भाऊसाहेब, माझा पट एकोणीस आहे," ती म्हणाली.

"मग एक कमी आहे."

"एकच कमी आहे."

मी म्हटलं, बाई, शंभर कमी काय आणि एक कमी काय, पत्रात वीस लिहिलंय. तिनं मग मला सगळा भूगोल सांगितला. मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात चार महिने उतरता येत नाही. शाळा बंद झाली तर मुलं खाली येणार नाहीत. मुलगे मेंढरांमागं जातील, आणि मुलींची लग्नं होतील. तिसरीतल्या एकीचं बोलणं तर आत्ताच चाललंय, शाळा आहे म्हणून तिची आई अडून बसलीय. मी टाईप करता करता ऐकत होतो. तिला वाटलं मी ऐकत नाही, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं.

"बाई," मी म्हणालो, "आता मोजणारा मी नाही. मशीन आहे. त्याला ओळी दिसतात, ओढा दिसत नाही."

"मग कुणाला सांगू?"

हा प्रश्न फार चांगला होता. कचेरीत सगळे प्रश्न चांगलेच असतात. मी तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, म्हणजे आता निघायचं हे तिला कळेल अशी अपेक्षा होती. ती संध्याकाळच्या जीपपर्यंत बसून राहिली.

मग मोजणीचा दिवस आला. जूनचा पहिला आठवडा. पुढच्या सोमवारी शाळा उघडायच्या, त्याच्या आत यादी वर जायची. यंत्राला हार, साहेबांना हार, उकिडवेला गुलाबाचं एक फूल. कोळेकर बाई दाराबाहेर. उकिडवेनं फंक्शनला हाक मारली आणि छपाईयंत्र किरकिरत कागद ओकायला लागलं. शाळेचं नाव, पट. शाळेचं नाव, पट. रंगनाथ कागद धरून उभा होता, मी मोठ्यानं वाचत होतो.

जांभळीचा माळ: वीस.

मी वाचलं आणि दाराकडे बघितलं. बाईंनी ऐकलं होतं. एकोणीस नावं आपण स्वतःच्या हातानं लिहून पाठवलीत, हे तिला माहीत होतं. अकरा वर्षांच्या मास्तरकीत चुकलेल्या गणिताला तिनं बरोबरची खूण पहिल्यांदाच दिली असेल. खाली मान घालून तिनं चपला घातल्या. उलट्या घातल्या, तशीच निघाली.

मुळीक साहेब तर हवेत. तालुक्याचा पट मागच्यापेक्षा एकशे त्रेचाळीसनं वाढला होता. आपल्या कारकिर्दीत शिक्षणाचा प्रसार झाला, असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. एका वृत्तपत्राच्या वार्ताहराला बोलावून त्यांनी चहा पाजला. फोटोसाठी कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं आणि फोटो झाल्यावर घातलं.

तिसऱ्या दिवशी तीन मुख्याध्यापकांची पत्रं आली. एकाच्या शाळेत चौतीस मुलं, कागदावर पस्तीस. दुसऱ्याची एकसष्ट, कागदावर बासष्ट. तिसरा गणिताचा शिक्षक होता, त्यानं नुसतं लिहिलं होतं, "एक विद्यार्थी कोठून आला? कृपया त्यास घेऊन जावे."

उकिडवेचा चेहरा उतरला. डबा शून्यापासून सुरू आहे का? आहे. शेवटच्या ओळीनंतर थांबतो का? थांबतो. त्यानं पुन्हा आंबा, फणस, काजू घातलं. तीन. माळाची यादी घातली. वीस. पुन्हा आंबा. तीन. दोन दिवस तो जेवला नाही. साहेब म्हणाले, सव्वा काढला म्हणून हे झालंय.

आणि मी? मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

इथं मी थांबलो. गोष्टीत अशा जागा असतात, तिथं थांबून चष्मा पुसायचा असतो. सगळा बाक माझ्याकडे वळला होता. काउंटरमागचा तरुण अधिकारीसुद्धा कान देऊन होता. सर्व्हर नसला की त्यांनाही काम नसतं.

"काय माहीत होतं?" बाबर अण्णा म्हणाले.

"आता उकिडवेच्याच तोंडून ऐका."

पाचव्या दिवशी सकाळी उकिडवेला शेवटी सुचलं, जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं: किती मोजलं ते न बघता काय मोजलं ते बघावं. त्यानं यादीतली एकेक ओळ पडद्यावर आणली. आणि साहेबांच्या खोलीत आला.

"सर, हा श्री कोण?"

"कुठल्या शाळेतला?"

"सगळ्याच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पूर्ण नाव काय?"

"एवढंच आहे. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. प्रत्येक यादीत पहिला नंबर त्याचा."

"एकशे त्रेचाळीस शाळांत एक विद्यार्थी? हा मोठा घोटाळा आहे."

मग त्यांनी मला बोलावलं. मी त्यांना सरळ सांगितलं. बावीस वर्षांत मी डोक्यावर श्री घातल्याशिवाय कागद सुरू केलेला नाही. किराण्याची यादी असो, रजेचा अर्ज असो, साहेबांनी दिलेल्या मेमोचं उत्तर असो. बोटांची सवय आहे, ती मला विचारत नाहीत. प्रत्येक यादीच्या पहिल्या ओळीवर श्री, मग खाली मुलं. साहेब म्हणाले, सरकारी यादीत देव कशाला? मी म्हटलं, आपणही घालता. साहेबांनी समोरचा स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद हळूच उलटा केला.

उकिडवे कपाळाला हात लावून उभा होता. "पण काका, फंक्शनला कसं कळणार? यादीत जे आहे ते सगळं मोजायचं, एवढंच त्याला शिकवलंय."

"मग त्याला सांगा," साहेब म्हणाले, "शेवटी एक वजा कर म्हणून."

"नको सर. उद्या दुसऱ्या कुणी श्री न घालता यादी केली तर एक खरं मूल वजा होईल. फंक्शन बरोबर आहे. यादी चुकलीय, तर यादी दुरुस्त करायची."

हे मात्र त्या पोराचं मला पटलं. उभ्या कचेरीत तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य मी ऐकलं, आणि तेही बाहेरच्या माणसाकडून.

साहेबांचा धर्मसंकटातला चेहरा बघण्यासारखा होता. देवाला पटावरून काढा असा आदेश कुणाच्या सहीनं काढायचा? शेवटी ते म्हणाले, काढू नका, विसर्जन करा. आणि ते विसर्जन ज्यानं प्रतिष्ठापना केली त्यानंच करायचं.

"आज दुपारपर्यंत," ते म्हणाले. "यादी आजच जिल्ह्याला जायचीय."

मी यंत्रासमोर बसलो. एकेक यादी उघडायची, वरची ओळ पुसायची, बंद करायची. प्रत्येक वेळी मी मनात नमस्कार करत होतो, म्हणजे एकशे बेचाळीस नमस्कार झाले. मोजून. बारा वाजेपर्यंत तालुक्यातल्या एकशे बेचाळीस शाळांतून देव गेला, आणि बऱ्याच ठिकाणी तो आधीही नव्हता.

राहिली एक. जांभळीचा माळ.

मी ती यादी उघडली. वर श्री, खाली एकोणीस नावं. बाहेर बाकावर कोळेकर बाई बसलेली. तिला कुणी काही कळवलं नव्हतं, पण घोटाळा सापडल्याची बातमी दुधाच्या जीपनं वर गेली होती आणि तीच जीप तिला खाली घेऊन आली होती. ती आत आली नाही. दारातून तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. एसीचा आवाज येत होता. एक कळ दाबायची. वीसचे एकोणीस.

"आणि?" बाबर अण्णांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुरावा मागितला नाही.

"आणि मी बोट उचललं," मी म्हणालो.

बाकावरचं कुणीतरी हुं म्हणालं.

मी म्हणालो, हे पाहा, आयुष्यभर मी सांगितलं तेवढंच करत आलो. कमी नाही, जास्त नाही. त्या दिवशी मी एक ओळ कमी पुसली. यादी बंद केली, उकिडवेला म्हटलं, झालं. त्यानं फंक्शनला हाक मारली, कागद आला, जांभळीचा माळ वीस, आणि मी तो साहेबांपुढे ठेवला.

"साहेबांच्या लक्षात नाही आलं?"

"साहेब कागद वाचत नसत, अण्णा. वजन करत. जाड दिसला की सही."

मग मला थांबता आलं नाही. ऐकणारे असे तोंड उघडून बसले की माझं असंच होतं. मी सांगितलं की शाळा वाचली. बाईंनी माझ्या पायांवर डोकं ठेवायचं बाकी ठेवलं. तिसरीतल्या त्या मुलीचं लग्न मोडलं, ती पुढं नर्स झाली. परवाच मला रस्त्यात भेटून औषधं लिहून देत होती, म्हणजे आता ती डॉक्टरच म्हणायची. शाळेची दुमजली इमारत झाली, निळा रंग दिला. श्री दर वर्षी पास होत गेला. हजेरी शंभर टक्के, वागणूक उत्तम. चौथीला त्याला स्कॉलरशिप मिळणार होती, पण फॉर्मवर फोटो लागतो तिथं अडलं.

बाक हसला. बाबर अण्णा हसले, म्हणजे खांदे हलले त्यांचे. काउंटरवरचा तरुण हसला. मीही चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पंचवीस वर्षांत ही गोष्ट मी चाळीस वेळा तरी सांगितली असेल, लग्नात, तेराव्याला, एसटीत. दर वेळी इथं हसतात.

रंगनाथ तेवढा हसला नव्हता. यापूर्वी कधी तो समोर असताना मी ही गोष्ट सांगितली होती का, हे मला आठवेना.

"भाऊसाहेब," तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "हे खोटं आहे."

आवाज चढवला नव्हता त्यानं. कचेरीत साहेब आत नाहीत असं सांगायचा तोच आवाज. पण हसणं थांबलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे, सगळंच खोटं असतं माझं," मी म्हणालो. "नारळ, करंगळी. यांनाही माहीत आहे."

"नारळाचं जाऊ द्या. ती ओळ तुम्ही पुसली. पहिली तीच पुसली, बाकीच्या मागनं. साहेब तुमच्या पाठीमागं उभे होते आणि बाई दारात होत्या. तुम्ही दाराकडे बघितलंच नाही."

"तुला काय कळतंय रे कॉम्प्युटरमधलं," मी म्हणालो.

"कॉम्प्युटरमधलं नाही कळत," रंगनाथ म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "पण शाळा उघडायच्या सोमवारी कुलूप देऊन तुम्ही मला वर पाठवलं होतं. यादी केली तेव्हा मेंढरं घेऊन खाली गेलेली दोन बिऱ्हाडं आदल्या दिवशीच माळावर परत आली होती. सगळी पोरं दप्तरं घेऊन दारात उभी. कडी लावायच्या आधी मी मोजली, बोटांनी. तेवीस होती. तसाच उतरून आलो आणि तुम्हाला सांगितलं, भाऊसाहेब. तुम्ही म्हणालात, यादी गेली आता."